गावातल्या घरी इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग: अडॅप्टर, वायर आणि अर्थिंग कसे निवडावे?

दारव्हा_रोड

राजेहो, पुढच्या महिन्यात घरी इलेक्ट्रिक गाडी येत आहे. बॅटरी २४ किलोवॉट-अवरची, सोबत १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर मिळणार. रोजचे चार्जिंग घरीच करायचे आहे, म्हणून गाडी यायच्या आधी वायरिंग करून ठेवतो.

घराची परिस्थिती सांगतो. मीटर समोरच्या ओसरीत आहे आणि गाडी मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहणार. वायर जाईल त्या वाटेने मोजले तर ३५ मीटर. मधल्या अंगणातून ट्रॅक्टर जातो. मीटर सिंगल फेज, त्यावर ५-३० अँपिअर लिहिले आहे, बिलावर मंजूर भार १ किलोवॉट. खांबावरून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जुनी अडीच एमएम (म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) अ‍ॅल्युमिनियमची, साधारण ३० मीटर. शेडमध्ये सध्या दीड एमएम वायरवर ६ अँपिअरचा बोर्ड आहे. दिवसा व्होल्टेज २२० ते २३०, पण संध्याकाळी सातपासून दहापर्यंत १८०-१८५ वर येते. अर्थिंगची तार मागच्या भिंतीतून जमिनीत गेलेली दिसते, खाली काय आहे ते घरात कोणालाच माहीत नाही.

विचारायचे हे की, १६ अँपिअरच्या प्लगला ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवायचा कन्व्हर्टर मिळतो, तो लावून सध्याच्या बोर्डावर काम भागेल का? नवीन वायर टाकायची तर चार एमएम की सहा एमएम? ऑनलाइन एक ‘अर्थिंग अडॅप्टर’ दिसतो, तो लावला की चार्जरचा अर्थिंग नसल्याचा लाल दिवा जातो म्हणतात, तो घ्यावा का? काकांचे म्हणणे की शेतातल्या पंपाच्या थ्री फेजवर लावावे, तिथे व्होल्टेज चांगले असते. आणि ७.२ किलोवॉटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, घेण्यात अर्थ आहे का?

वर्धा_परवानाधारक

भाऊ, गाडी यायच्या आधी विचारले हे चांगले केले. कन्व्हर्टर घेऊ नका. आपल्याकडच्या १६ अँपिअर प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना ७.१ मिमी जाडीच्या असतात, ६ अँपिअरच्या ५.१ मिमीच्या. कन्व्हर्टर फक्त आकार जुळवतो. आतली पितळी पट्टी आणि मागची दीड एमएम वायर ६ अँपिअरचीच राहते, त्यातून तुम्ही सलग आठ तास १५ अँपिअर ओढणार. मिक्सर किंवा प्रेस काही मिनिटे चालते, त्यामुळे तिथे हा दोष झाकला जातो. गाडी तो झाकू देत नाही. सांध्यात नुसता ०.१ ओहमचा सैलपणा असला तरी १५ × १५ × ०.१ म्हणजे २२.५ वॉट उष्णता त्या एका ठिकाणी तयार होते. सोल्डरिंग आयर्नचे टोक जवळपास तेवढ्याच वॉटवर तापते. मल्टिप्लग, एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळलेली रील, सगळे याच कारणाने बाद. मीटरपासून गाडीपर्यंत जोड जितके कमी तितके बरे.

आता वायर. तांब्याच्या लवचीक वायरचा रोध किलोमीटरला अडीच एमएमचा ७.९८ ओहम, चारचा ४.९५, सहाचा ३.३० आणि दहाचा १.९१ असतो. तुमचे अंतर ३५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मीटर धरायचे. १५ अँपिअरला अडीच एमएमवर ८.४ व्होल्ट पडतात, चारवर ५.२, सहावर ३.५. हे २० अंश तापमानाचे आकडे आहेत, उन्हाळ्यात वायर तापली की पंधरा-वीस टक्के वाढ धरा. हिशेबाने चार एमएम पुरते. तरी मी तुम्हाला सहाच सांगीन. तुमचे व्होल्टेज आधीच पडलेले आहे, शेड टिनाचे आहे, आणि अंगण खोदायचा खर्च वायर कोणतीही टाका, तेवढाच येतो. वॉल बॉक्स घ्यायचे पक्के असेल तर आताच दहा एमएम टाका.

अंगणातून ट्रॅक्टर जातो म्हणता, तर वरून लोंबती वायर नको. तीन कोअरची तांब्याची आर्मर्ड (वर धातूचे कवच असलेली) केबल घ्या, दोन फूट खोल चर खणा, खाली-वर बारीक रेती, त्यावर विटांचा थर आणि मग माती. ट्रॅक्टरच्या वाटेखाली केबल जाड एचडीपीई पाइपातून न्या. पाइपाची दोन्ही तोंडे बंद करा, नाहीतर घुशी आत शिरतात आणि पाणी साचते. अधे-मधे जोड अजिबात नको, सलग ४० मीटरचा तुकडा कापून घ्या, कारण दोन्ही टोकांना वर चढायलाही वायर लागते. आर्मरला मीटरच्या बाजूला ग्लँड (केबल पकडणारा धातूचा तुकडा) लावून अर्थ करा.

मीटरजवळ एक लहान डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, बसवा. त्यात २५ अँपिअरचा डीपी एमसीबी (करंट जास्त झाला की फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा), सी कर्व्ह, आणि ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की तोडणारा). आरसीसीबी शेडमध्ये न लावता मीटरजवळच लावायचा, म्हणजे जमिनीतली केबलही त्याच्या राखणीत येते. आपल्या गावांत अर्थिंग प्रत्येकाची आपापली असते, त्यामुळे केबलला कुठे टोचा बसून करंट जमिनीत गेला तर एमसीबी पडण्याइतका करंट वाहतच नाही. तिथे फक्त आरसीसीबी वाचवतो. दुकानात मागताना ‘टाइप ए’ मागा. काही न सांगता मागितला तर बहुतेक वेळा टाइप एसी हातात पडतो. डब्यावरची खूण पाहा: टाइप एसीवर एकच लहर असते, टाइप एवर लहरीखाली अर्ध्या लहरींची दुसरी खूण असते. गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट सरळ लहरीचा नसतो, म्हणून हा फरक. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबून पाहत जा.

शेडमध्ये २० अँपिअरचा डीपी एमसीबी आणि त्याखाली १६ अँपिअरचा सॉकेट. १६ चा एमसीबी लावला तर मे महिन्यात टिनाखालच्या डब्यात तो दुपारी पडत राहील, कारण एमसीबीचे रेटिंग ३० अंशांना धरलेले असते आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. डीपी अशासाठी की खांबावर काम करताना फेज-न्यूट्रल कधी उलटसुलट जोडले गेले तरी दोन्ही तारा तुटतात.

एक गोष्ट हमखास चुकते. सहा एमएम वायर सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही, म्हणून वायरमन चार-दोन तारा कापतो आणि उरलेल्या कोंबतो. तसे करू देऊ नका. सहा एमएम एमसीबीपर्यंतच आणा आणि एमसीबीपासून सॉकेटपर्यंत चार एमएमचा वीतभर तुकडा टाका, टोकांना फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून. पहिल्या आठ-पंधरा दिवसांच्या चार्जिंगनंतर मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा. तांबे तापून-निवून थोडे बसते आणि पकड ढिली होते.

सॉकेट जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, आणि बाजूला चार्जरचा डबा टांगायला मजबूत खुंटी. डबा वायरला लोंबकळत राहिला की त्याच्या वजनाने प्लग खाली झुकतो, वरच्या अर्थच्या पिनेची पकड सुटते, आणि सॉकेटचे भोक एका बाजूने पिवळे, मग तपकिरी पडायला लागते. तो रंग दिसला की सॉकेट बदलायचाच, घासून चालवायचा नाही. एसीचा जो धातूचा बॉक्स मिळतो, त्याचा प्लग वेगळा येतो. गाडीच्या प्लगच्या पिना त्यात घट्ट बसतीलच असे नाही, म्हणून नुसता ‘एसी बॉक्स द्या’ म्हणून आणू नका, चार्जरचा प्लग सोबत नेऊन बसवून पाहा.

अर्थिंगवर वेगळे लिहितो. आधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तीन रीडिंग घेऊन इथे टाका.

चांदूर_फीडर

काकांच्या सूचनेबद्दल मी लिहितो. पंपाचे कनेक्शन शेतीच्या दराने मंजूर असते. त्यावर गाडी चार्ज करणे म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि कधीपासून चालू आहे ते ठरवता आले नाही तर मागचे १२ महिने धरतात. घरच्या मीटरवर मात्र गाडी खुशाल चार्ज करता येते. त्याला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी पंपाची पेटी गाडीसाठी धोक्याची आहे. थ्री फेज मोटरीला न्यूट्रल लागत नाही, त्यामुळे पेटीपर्यंत बहुतेक ठिकाणी तीन फेजच येतात. मग दिवा लावायला लोक एक फेज घेतात आणि दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडतात. दिव्याचा अर्धा अँपिअरसुद्धा नसतो, म्हणून चालून जाते. त्याच सळईवर १५ अँपिअर सोडले तर ती सळई आणि तिच्या भोवतीची ओली जमीन दोन्ही जिवंत होतात. तिथे बैल पाणी प्यायला येतो, माणूस अनवाणी येतो. आणि चुकून दोन फेजांमध्ये जोडले गेले तर ४१५ व्होल्ट, चार्जर तिथेच संपला. शिवाय शेतीचा फीडर पाळीने चालतो, आठ तासांची लाइन, तीही कधी रात्रीची. गावठाणाचा फीडर तुलनेने सलग असतो.

तुमचे खरे दुखणे सर्व्हिस वायरमध्ये आहे. अडीच एमएम अ‍ॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. ३० मीटरचे जाऊन-येऊन ६० मीटर, १५ अँपिअरला जवळपास ११ व्होल्ट तिथेच पडणार. संध्याकाळचे १८२ असतील तर १७१ होतील, आणि फ्रीज, पंखे, टीव्ही सगळे त्यात भरडले जाणार. शेडपर्यंत सहा एमएम तांबे टाकून मागे ही वायर तशीच ठेवली तर निम्मेच काम झाले. भारवाढीचा अर्ज करा, महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर होतो. १ किलोवॉटवरून ५ मागा: चार्जरचे साडेतीन, उरलेले घराचे. त्यासोबतच सर्व्हिस वायर जाड करून घ्या, अ‍ॅल्युमिनियम असेल तर दहा एमएमच्या खाली नको. खांबावरचा जोड त्यांच्याच लाइनमनने करायचा, आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे तांब्याला किंवा पितळेला मिळते तिथे बायमेटल लग, म्हणजे दोन्ही धातूंना चालणारे जोडटोक. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे पांढरी पूड धरते आणि ठिणग्या उडायला लागतात. मीटरखाली जुना चिनीमातीचा फ्यूज (कटआउट) असेल तर त्यात कोणी तरी जाड तार घातलेली असेल, तीही पाहा.

वॉल बॉक्सचे उत्तर याच हिशेबात आहे. ७.२ किलोवॉट म्हणजे ३१-३२ अँपिअर, तुमचे मीटरच ३० पर्यंतचे. रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणे असेल तर १५ अँपिअरवर रात्रीतून तेवढी बॅटरी सहज भरते. १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेसात-आठ तास धरा. गाडी दिवसातून दोनदा रिकामी होत नसेल तर वॉल बॉक्सचे पैसे अर्थिंगवर आणि सर्व्हिस वायरवर घाला.

बिलाचे म्हणाल तर महिना हजार किलोमीटरला १३० ते १५० युनिट वाढतील. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, तेव्हा वाढलेले युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. आजच्या बिलात तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात ते पाहूनच गाडीचा किलोमीटरचा खर्च काढा.

अकोला_ईव्ही

कमी व्होल्टेजबद्दल थोडे. गाडीचा चार्जर करंट ठरवून ओढतो, त्यामुळे व्होल्टेज पडले की फक्त वेग कमी होतो. १५ अँपिअर २३० ला ३.४ किलोवॉट, १८० ला २.७. याच्यासाठी ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर आणू नका. तो बाहेर २३० देण्यासाठी आत जास्त करंट ओढतो, १५ चे जवळपास २० अँपिअर होतात आणि ते तुमच्या त्याच बारीक सर्व्हिस वायरमधून. व्होल्टेज आणखी खाली जाते, शेजाऱ्याचेही.

त्यापेक्षा वेळ बदला. गाडीत किंवा अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येत असेल तर रात्री साडेदहा-अकराला सुरू करा, गावाचा भार तोवर उतरतो. करंट कमी करायची सोय असेल तर सर्व्हिस वायर बदलेपर्यंत १० अँपिअरवर ठेवा. वेळ वाढेल, पण उष्णता करंटच्या वर्गाने घटते, म्हणजे १५ वरून १० वर आले की सांध्यांतली उष्णता निम्म्याहून खाली येते.

सगळे काम झाल्यावर गाडी लावायच्या आधी एक चाचणी करा. शेडच्या सॉकेटवर रिकामे व्होल्टेज मोजा. मग दीड किलोवॉटचे पाणी तापवायचे दोन रॉड दोन बादल्यांत, दोन वेगळ्या प्लगांवर लावून तेवढाच भार द्या आणि पुन्हा मोजा. त्यासाठी एमसीबीखाली तात्पुरता दुसरा सॉकेट काढावा लागेल. एकूण घट दहा-बारा व्होल्टच्या आत असली तर ठीक. जास्त असेल तर मीटरजवळ मोजा, मग डीबीवर, मग शेडच्या एमसीबीवर. ज्या टप्प्यात आकडा एकदम उडी मारतो, सैल जोड तिथेच असतो. रॉड चालू असताना बादलीत हात नाही, आणि मुलांना लांब ठेवा.

गाडी पहिल्यांदा लावली की अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बंद करा.

दारव्हा_रोड

सगळ्यांचे आभार. भारवाढीचा अर्ज टाकला. रीडिंग घेतली: फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ १४०, न्यूट्रल-अर्थ ८५. गावातला वायरमन म्हणतो, अर्थिंग कमजोर आहे, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला लूप मारून देतो, चार्जरचा दिवा हिरवा होईल. ऑनलाइनचा तो अडॅप्टरही आतून असेच काही करतो का?

वर्धा_परवानाधारक

हो, तो अडॅप्टर आतून हेच करतो. दोन्ही नको. हे सविस्तर लिहितो, कारण हिरव्या दिव्याच्या नादात हाच प्रकार गावोगाव होतो.

आधी तुमच्या रीडिंगचा अर्थ. १४० आणि ८५ म्हणजे अर्थिंग कमजोर नाही, ती मुळात जमिनीला जोडलेलीच नाही. तार कुठे तरी तुटली आहे किंवा खालचा पाइप गंजून खपला आहे, आणि मल्टिमीटर शेजारच्या तारांचे नुसते भुताचे व्होल्टेज दाखवतो आहे. अर्थ ठीक असेल तर फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलच्या जवळपास येते आणि न्यूट्रल-अर्थ भार नसताना दोन-तीन व्होल्ट.

आता लूप. चार्जर गाडीला वीज देण्याआधी अर्थ तपासतो. लूप मारला की त्याला न्यूट्रलच अर्थ म्हणून दिसतो आणि तो फसतो. लाइन ठीक असते तोवर काही होत नाही, म्हणून वायरमनलाही ते बरोबर वाटते. पण वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, जे आपल्याकडे मे-जूनमध्ये होतेच, की घरातल्या फ्रीज-पंख्यातून आलेला फेज न्यूट्रलवर चढतो, लूपमधून अर्थच्या पिनेत जातो आणि तिथून गाडीच्या सगळ्या पत्र्यावर. गाडी रबराच्या टायरवर उभी, म्हणून तो करंट जमिनीत उतरत नाही. तो वाट पाहतो दरवाज्याला हात लावणाऱ्याची. आरसीसीबी इथे पडत नाही, कारण लूप त्याच्या आधी मारला असेल तर त्याच्यातून जाणारा आणि येणारा करंट सारखाच राहतो. लूप आरसीसीबीच्या नंतर मारला आणि अर्थच्या तारेला जमिनीची वाट मिळाली तर तो पडत राहतो, आणि मग वायरमन म्हणतो ‘हा आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू’. एक चूक झाकायला दुसरी, आणि माणसाला वाचवणारे शेवटचे साधनही गेले.

म्हणून नवीन अर्थिंग करा. जागा शेडच्या जवळ, जिथे मोरीचे किंवा हौदाचे पाणी झिरपते अशी निवडा. जमीन भारी काळी असेल तर तिचा रोध कमी असतो, ही जमेची बाजू. पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपाला सोडून मागे सरकते. पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये अशी दगा देते. त्यासाठी ४० मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, तीन मीटर लांब, किंवा तेवढाच तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या, आणि भोवती बेंटोनाइट किंवा अर्थिंगची तयार भुकटी भरा. ती ओल धरून ठेवते आणि फुगून पाइपाला चिकटून राहते. मीठ-कोळसा जुना उपाय आहे, लागू पडतो, पण मिठाने जीआय लवकर गंजतो. एकाने भागले नाही तर दुसरा खड्डा पहिल्यापासून सहा मीटर दूर घ्या. जवळ घेतला तर दोन्ही एकाच मातीवर भार टाकतात आणि फायदा फारसा होत नाही.

तुमच्या बाजूला चार-पाच फुटांवर मुरूम किंवा काळा दगड लागत असेल तर पाइप खाली जाणार नाही. वाकडा ठोकू नका आणि वरून कापूही नका. त्याऐवजी २५ × ४ मिमीची जीआय पट्टी आडवी पुरा, किमान १५ मीटर लांब, अर्ध्या मीटरपेक्षा खोल. केबलसाठी चर खणणारच आहात, ती त्याच मजुरीत होते. पट्टी केबलपासून हातभर बाजूला आणि शक्य तितकी खाली ठेवा. वर चेंबर बांधा, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. इलेक्ट्रोडपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत सहा एमएमची हिरवी तांब्याची वायर, लग आणि नट-बोल्टने. पिळून बांधलेला जोड नको.

नंतर अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आले तर छान. मुरमाड जमिनीत १०-१५ आले तरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असताना काम सुरक्षित चालते. पण हे माप एप्रिल-मेमध्ये पुन्हा घ्या, पावसाळ्यातल्या आकड्यावर जाऊ नका. टेस्टर मिळत नसेल तर माहितगार वायरमन १०० वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बने अंदाज घेऊ शकतो. आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून बल्ब अर्थला जोडायचा आणि बल्बवरचे व्होल्टेज मोजायचे. फेज-न्यूट्रल २२५ आणि बल्बवर २०५ आले तर ०.४ अँपिअरला २० व्होल्ट गळाले, म्हणजे ५० ओहम. एवढी अर्थिंग गाडीसाठी कमी. एलईडी बल्बने ही चाचणी होत नाही, आणि चाचणी चालू असताना अर्थिंगच्या तारेला कोणी हात लावायचा नाही. स्वतः करू नका.

चांदूर_फीडर

वादळाचा विषय निघाला म्हणून जोडतो. मीटरजवळच्या डीबीत आणखी दोन वस्तू बसवा. पहिली ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, ४० किंवा ६३ अँपिअरचा, १७० ते २७० व्होल्टवर सेट केलेला. एलटी, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या, लाइनचा न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा हा तोडतो. लाइन परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून जोडायची सोय असलेला घ्या, लाइन येताना पहिले काही सेकंद व्होल्टेज वर-खाली नाचते. दुसरी वस्तू एसपीडी, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारे साधन, टाइप २, सिंगल फेजसाठी ‘१+१’ रचनेचा, ३२० व्होल्टचा, आरसीसीबीच्या आधी. त्याची अर्थची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवू नका, वळणे नकोत. विजेचा झटका लांब वायरीतून वेळेत उतरत नाही. आणि अर्थिंग झाल्याशिवाय एसपीडी लावून काहीच उपयोग नाही. तरी विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, घरापासून दूर ३५ मीटर केबल आहे.

दारव्हा_रोड

समजले. लूप आणि अडॅप्टर दोन्ही रद्द. आडवी पट्टी टाकतो, आमच्याकडे पाच फुटांवर मुरूमच लागतो. शेवटची शंका: लाइन गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर किंवा लग्नकार्यात आणतात त्या जनरेटरवर गाडी लावता येईल का?

अकोला_ईव्ही

इन्व्हर्टर विसरा. घरचा ८५०-९०० व्हीएचा असतो, गाडीला साडेतीन हजार वॉट लागतात. करंट ६ अँपिअरवर आणला तरी १३०० वॉटच्या वर जाते.

जनरेटर ५ केव्हीए किंवा त्याहून मोठा असेल तर चालतो, पण चार्जर बहुधा लाल दिवा दाखवेल. लहान जनरेटरची दोन्ही टोके जमिनीपासून सुटी असतात, त्यामुळे चार्जरला अर्थ सापडत नाही. इथे जनरेटरच्या आउटपुटवरच एक टोक न्यूट्रल ठरवून ते आणि जनरेटरची बॉडी खऱ्या अर्थ इलेक्ट्रोडला जोडतात, आणि आरसीसीबी त्याच्या पुढे लावतात. वर सांगितलेल्या लूपशी याची गल्लत करू नका. खांबावरच्या लाइनला तिचा न्यूट्रल रोहित्रावर आधीच जमिनीला जोडलेला असतो, तुमच्या सॉकेटमध्ये नाही. जनरेटरचे उगमस्थान तुमच्या अंगणात असते, म्हणून तो जोड तिथे, उगमाशीच येतो. आणि जनरेटर घरच्या वायरिंगला जोडताना मधे चेंजओव्हर स्विच हवाच, दोन्ही पोल बदलणारा. नाहीतर तुमच्या जनरेटरची वीज उलटी खांबावर चढते आणि वर काम करणारा लाइनमन मरतो.

दोन-चार तासांच्या भारनियमनासाठी हा सगळा खटाटोप लागत नाही. गाडी रोज ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, एखादी रात्र लाइन नसली तरी जवळपासची फेरी होते.

वर्धा_परवानाधारक

चर बुजवायच्या आधी दोन कामे करा. केबलचे मेगर, म्हणजे तारांवरच्या आवरणाची चाचणी, करून घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, ५०० व्होल्टवर, दोन्ही टोके सुटी असताना. नवी केबल शेकडो मेगओहम दाखवते. १ मेगओहमच्या आसपास दाखवली तर ओढताना कुठे तरी कातडे सोलले आहे, ती पुरू नका. आणि उघड्या चराचे फोटो काढून ठेवा, भिंतीपासूनचे अंतर दिसेल असे टेप धरून. पुढे नळाच्या पाइपासाठी कोणी सब्बल घातली तर कुठे घालायची नाही ते कळेल.